आलोच आहोत तर...



थंडीचे दिवस आले की आपल्याकडे सहलींचे बेत सुरू होतात. यंदा आमच्या महिला मंडळात हंपीचं नाव निघालं. विजयनगरची राजधानी, युनेस्कोने १९८६ साली जागतिक वारसा म्हणून नोंदवलेलं ठिकाण, पन्नास रुपयांच्या नोटेवर छापलेला दगडी रथ. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. पण सहलीचा जो कागद हातात पडला, तो वाचून मला लिहायला बसावं लागलं. कागद कुणाचा ते सांगत नाही, कारण असा कागद एकट्या कुणाचा नसतो. सगळीकडे हाच फिरत असतो. शहराचं नाव बदला, बाकी मजकूर तोच.

कागदावर लिहिलंय: रात्री बसने निघणे, सकाळी होस्पेटला पोहोचून आवरणे, नऊ ते साडेपाच हंपीतील १४ ठिकाणे, संध्याकाळी तुंगभद्रा धरण, रात्री परतीचा प्रवास. खाली ठळक अक्षरांत, 'एका दिवसात संपूर्ण हंपी'.

मी वाणिज्य शाखेची पदवीधर. नोकरी केली नाही, पण घरचा जमाखर्च चाळीस वर्षं लिहिते आहे. त्यामुळे आकडा दिसला की भागाकार करायची सवय आहे. नऊ ते साडेपाच म्हणजे साडेआठ तास, ५१० मिनिटं. जेवणाची ४५ वजा करा. चौदा वेळा बसमधून उतरायचं, चौदा वेळा चढायचं, डोकी मोजायची. पन्नास बायका आहेत, दर वेळी दहा मिनिटं धरली तरी १४० गेली. विठ्ठल मंदिराकडे आपली बस जात नाही, तिथे बॅटरीच्या गाडीच्या रांगेत उभं राहायचं, त्याची जाता-येता ४० धरा. उरली २८५ मिनिटं. भागिले चौदा केलं की एका ठिकाणाला वीस मिनिटं येतात. त्यातून चपला काढणं-घालणं, पाणी पिणं, स्वच्छतागृह शोधणं आणि सगळ्यांचा मिळून एक फोटो काढणं वजा करा. पाहायला दहा मिनिटं उरली तर नशीब समजा.

याला मराठीत 'पाहणं' म्हणत नाहीत. याला 'उरकणं' म्हणतात. आपण बायका आयुष्यभर उरकतच आलोय. स्वयंपाक उरकायचा, धुणं उरकायचं, पाहुणे उरकायचे. निदान सहलीला तरी उरकायला जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

या सगळ्याच्या मुळाशी एक वाक्य आहे, 'आलोच आहोत तर...'. आलोच आहोत तर धरणही बघू. आलोच आहोत तर पलीकडचं आनेगुंदीही करू. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! भाडं भरलंच आहे, मग जास्तीत जास्त वसूल करू. पण हिशेबशास्त्रातला पहिलाच धडा असा की खर्च होऊन गेलेला पैसा पुढचा निर्णय घेताना मोजायचा नसतो, तो परत येणार नाही. पुढचा तास कुठे घालवला तर जास्त समाधान मिळेल, एवढंच पाहायचं. थाळीचे पैसे भरलेत म्हणून पोट दुखेपर्यंत जेवणाऱ्याला आपण शहाणा म्हणतो का? मग ठिकाणांच्या बाबतीत तोच माणूस हुशार कसा ठरतो?

आणि आपण तर जैन. परिग्रह म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूबद्दलची आसक्ती, हे आपल्याला पाठशाळेपासून शिकवलेलं असतं. साड्या-दागिन्यांच्या बाबतीत आपण ते थोडंफार लक्षात ठेवतो. पण पाहिलेल्या ठिकाणांची यादी हासुद्धा परिग्रहच असतो, हे मात्र कुणी बोलत नाही. 'आमचं हंपी झालं, बदामी झालं, हळेबीड झालं' हे आपण ज्या सुरात सांगतो, तो सूर तपासून बघा. कपाट उघडून दाखवतानाचाच सूर असतो तो.

आता घरातला मुद्दा. हा कागद ज्यांनी केला, त्यांनी धरलेल्या खर्चात आपल्या श्रमांचा रकाना नाही. रात्री निघायचं म्हणजे त्या दिवशी पहाटेपासून दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लाडू, भडंग. कांदा-लसूण-बटाटा न खाणाऱ्यांचं बाहेर भागेल याचा भरवसा नाही, म्हणून पन्नास जणींना पुरेल एवढं न्यायचं. घरी राहणाऱ्यांसाठी दोन दिवसांचं करून ठेवायचं ते वेगळंच. मग रात्रभर बसमध्ये अवघडून, सकाळी सुजलेल्या पायांनी उतरायचं आणि चौदा ठिकाणं. तिसऱ्या ठिकाणानंतर काय होतं ते सांगते. गुडघे दुखणाऱ्या दहा-बारा जणी म्हणतात, 'तुम्ही या जाऊन, आम्ही बसतो बसमध्येच.' त्या दिवसभर खिडकीतून राजधानी बघतात. पैसे सगळ्यांनी सारखेच भरलेले असतात, आणि ज्यांनी पहाटे उठून सगळ्यांसाठी धपाटे थापले, त्याच बहुतेक वेळा बसमध्ये बसलेल्या असतात. ही सहल कुणासाठी काढली होती, असा प्रश्न मंडळाच्या बैठकीत कुणीतरी विचारायलाच हवा.

शिवाय सूर्यास्त. हंपीचा सूर्यास्त प्रसिद्ध, म्हणून कागदावर साडेपाचला टेकडी आहे. डिसेंबरात तिथे सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. म्हणजे रात्रीभोजनाचा त्याग असणाऱ्यांनी एक तर सूर्यास्त सोडायचा नाही तर जेवण. 'एक दिवस काय होतंय?' असं म्हणणाऱ्या भगिनीही आपल्यातच आहेत. होतं काहीच नाही, पण व्रत गैरसोयीच्या दिवशीच तर व्रत असतं. आणि इथे गैरसोयसुद्धा नाही, फक्त नियोजन नाही. पाच वाजता जेवून घ्या आणि मग निवांत जाऊन बसा. सूर्य काही आपल्या ताटासाठी थांबलेला नाही.

पण खरा तोटा यापुढचा आहे. दहा मिनिटांत माणसाला फक्त चमत्कार दिसतात. विठ्ठल मंदिरात गेलं की सगळ्यांना एकच हवं असतं, खांबातून सूर कसे निघतात ते. टिचक्या आणि ठोके खाऊन खाऊन ते खांब झिजले, म्हणून आता वाजवायला बंदी आहे. तरीही 'एकदाच वाजवून दाखवा ना' म्हणून मागे लागणारे असतातच. आपल्याकडे निष्कारण केलेल्या नुकसानाला अनर्थदंड म्हणतात. याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही.

आणि जैन मंडळी आली आहेत म्हटल्यावर आणखी एक गोष्ट हमखास होते. हेमकूट टेकडीवर पायऱ्या-पायऱ्यांच्या शिखरांची जुनी, छोटी दगडी देवळं आहेत. ती दाखवून कुणीतरी सांगतं, 'ही सगळी तुमची जैन मंदिरं.' मग आपण हात जोडतो, फोटो काढतो, घरी आल्यावर गटावर टाकतो आणि खाली 'आपला वैभवशाली वारसा' असं लिहितो. मैत्रिणींनो, ती देवळं शिवाची आहेत. तसल्या शिखरामुळे त्यांना जैन म्हणण्याची जुनी चुकीची प्रथा पडली, अभ्यासकांनी ती केव्हाच दुरुस्त केली आहे. सत्य हे आपलं अणुव्रत आहे. दुसऱ्याचं देऊळ आपलं म्हणून सांगण्यात धर्माची कसली प्रभावना आलीय? आपल्याला कुणी हेच केलं तर आपण किती चिडतो!

आता गंमत बघा. जे खरोखर जिनमंदिर आहे, ते त्या चौदांच्या यादीत नाही. कमलापूरहून येताना रस्त्यालगतच गाणगित्ती मंदिर लागतं. गाणगित्ती म्हणजे तेलीण. हे नाव त्याला कसं चिकटलं कोण जाणे, पण मंदिर आहे सतरावे तीर्थंकर कुंथुनाथ भगवंतांचं. समोर उंच दगडी स्तंभ आहे आणि त्यावर संस्कृत शिलालेख. दुसऱ्या हरिहर राजाचा सेनापती इरुगप्प दंडनायक याने हे मंदिर १३८५ साली बांधलं, असं त्यात आहे. त्याचे वडील चैच हेही राजाचे मंत्री होते. गुरुपरंपरा दिली आहे, मूलसंघापासून सिंहनंदींपर्यंत. म्हणजे कुणी सांगोवांगी जोडलेलं नातं नाही, दगडावर नाव, वर्ष आणि गुरू लिहून ठेवलेले आहेत. तिथे आज पूजा-अर्चा नाही, गर्दी नाही. बस तिथून सरळ पुढे जाते, कारण पुढे हत्तीखान्याची वेळ ठरलेली असते.

जरा थांबून विचार केला तर किती गोष्टी हाती लागतात! कुंथुनाथ भगवान तीर्थंकर होण्याआधी चक्रवर्ती होते. सहा खंडांचं राज्य त्यांनी सोडलं. एका वाढत्या साम्राज्याच्या राजधानीत, त्या साम्राज्याच्या सेनापतीने मंदिर बांधलं ते राज्य सोडून गेलेल्या चक्रवर्तींचं. बांधल्यानंतर १८० वर्षांनी, १५६५ साली तालिकोटची लढाई झाली, ज्याला राक्षसतागडीची लढाईही म्हणतात. विजयनगर हरलं, राजघराणं पेनुकोंड्याकडे गेलं आणि ज्या शहराबद्दल अब्दुर रझाक आणि डोमिंगो पायससारख्या परदेशी प्रवाशांनी भरभरून लिहिलं होतं, ते लुटलं जाऊन ओस पडलं. अनित्य भावना आपण पुस्तकातून वाचतो. इथे ती पायाखाली आहे. पण दहा मिनिटांत ती कुणाच्या मनात उतरणार?

आणखी एक सांगते, कारण ते कुठल्याच सहलीच्या कागदावर नसतं. १३६८ साली, म्हणजे राजधानी नवीनच असताना, जैन आणि श्रीवैष्णव यांच्यात तंटा झाला. तक्रार घेऊन गेलेल्या जैनांमध्ये नदीपलीकडच्या आनेगुंदीचे लोकही होते. पहिल्या बुक्करायाने दोन्ही बाजूंच्या लोकांना समोर बोलावलं, जैनांचा हात श्रीवैष्णवांच्या हातात दिला आणि सांगितलं की या दोन दर्शनांत भेद नाही. पंचमहावाद्यं आणि कलश यांचा जैनांचा हक्क पूर्वीसारखाच राहील, आणि जैनांचं नुकसान ते वैष्णवांनी आपलं नुकसान मानावं. हा लेख श्रवणबेळगोळला दगडावर कोरलेला आहे. बाहुबलींच्या दर्शनाला आपल्यातल्या कितीतरी जणी जाऊन आल्या, पण तो लेख किती जणींनी पाहिला?

माझ्यातल्या हिशेबनिसाला त्यातला पुढचा भाग फार आवडतो. राज्यातल्या प्रत्येक जैन घरातून वर्षाला एक हण, म्हणजे तेव्हाचं एक नाणं गोळा करायचं. त्यातून बेळगोळच्या देवाच्या रक्षणासाठी वीस माणसं नेमायची आणि उरलेल्या पैशातून मोडकळीला आलेल्या जिनालयांना चुना लावून ती नीट करायची. ती वर्गणी गोळा करायची कुणी, तर तिरुमलैच्या तातय्याने, म्हणजे वैष्णवाने! राजाने नुसता उपदेश केला नाही, रक्कम, वसुली आणि खर्चाची बाब ठरवून दिली. आज धर्माधर्मांच्या नावाने गटावर जे निरोप फिरतात, त्यापेक्षा हा एक शिलालेख समजून घेतला तर जास्त उपयोग होईल. तो समजल्यावर विरुपाक्षाच्या देवळात आपण परके म्हणून उभ्या राहणार नाही, आणि हेमकूटावरची देवळं आपली म्हणायची गरजही वाटणार नाही.

आता विरुद्ध बाजू. 'या वयात पुन्हा कोण येणार? एकदाच जायचं तर सगळं बघून घेऊ दे की.' हे म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही, मीही साठी ओलांडली आहे. पण पुन्हा येणं नाही म्हणूनच तर कमी पाहायचं. हंपीच्या संरक्षित परिसरात सोळाशेहून अधिक अवशेष आहेत. 'सगळं' कुणाचंच पाहून होत नाही, तिथे जन्म काढणाऱ्यांचंही नाही. चौदा पाहिले तरी सोळाशेतले चौदाच. मग पाच पाहून ते पाच घरी घेऊन यावेत, की चौदा बघून मोबाइलमध्ये कुठलं देऊळ कुठलं हेही ओळखू येऊ नये?

दुसरं म्हणणं पैशांचं. दोन रात्री राहायचं तर खर्च वाढतो, हे खरं. आणि प्रत्येकीला घर सोडून दोन रात्री राहता येत नाही. कुणाकडे नातवंडं, कुणाकडे अंथरुणाला खिळलेलं माणूस. त्यांच्यासाठी एका दिवसाचीच सहल करा, माझी हरकत नाही. पण मग त्या दिवसात चारच ठिकाणं घ्या आणि 'संपूर्ण हंपी' हे दोन शब्द कागदावरून खोडा.

टीका सोपी असते, म्हणून माझा कागदही मांडते. आपल्या पूर्वसूरींनी प्रवासाचं शास्त्र आधीच घालून दिलंय. दिग्व्रत म्हणजे दिशांची जन्मभराची मर्यादा, आणि देशव्रत म्हणजे ठरावीक काळापुरती त्याहून लहान मर्यादा. आज या गावाबाहेर जाणार नाही, या वेळेत या रस्त्यापलीकडे जाणार नाही. हे मी घराबाहेर पडण्यावरचं बंधन समजत होते असं कुणाला वाटेल, पण मला ते मनाची पळापळ थांबवण्याचं साधन वाटतं. सहलीला याहून चांगला नियम नाही. एका वेळी एकच भाग, त्यापलीकडे नाही.

पहिला दिवस: कोल्हापूर-मिरजेहून हरिप्रिया एक्सप्रेस हुबळी-गदगवरून होस्पेटला जाते, बसमध्ये पाय लोंबकळत ठेवण्यापेक्षा आगगाडी बरी. तिथून हंपी साधारण तेरा किलोमीटर. पोहोचून आराम. मग फक्त कमलापूरचं संग्रहालय. तिथे सगळ्या परिसराची मोठी प्रतिकृती आहे. नदी कुठे, टेकड्या कुठे, राजवाड्याचा भाग कुठे, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे दिवस आपण हरवलेल्या मेंढरांसारख्या फिरत नाही.

दुसरा दिवस: ऊन चढायच्या आत राजवाड्याचा भाग. हजारराम मंदिराच्या भिंतींवर रामायण कोरलेलं आहे, ते क्रमाने वाचत फिरा, घाई केली तर नुसते दगड दिसतील. महानवमी दिब्बा. जवळच पायऱ्यांची देखणी पुष्करणी, जी १९८०च्या दशकात उत्खननात सापडली. तिच्या दगडांवर कोणता दगड कुठे बसवायचा याच्या खुणा कोरलेल्या आहेत, त्या शोधा. मसाल्याच्या डब्यांना चिठ्ठ्या लावणाऱ्या बाईला त्या पाहून त्या कारागिरांबद्दल आपुलकी वाटल्याशिवाय राहणार नाही. मग गाणगित्ती मंदिर, तिथे अर्धा तास, णमोकार मंत्र म्हणून शांत बसायचं. दुपारी विश्रांती. पाचला जेवण. नंतर हेमकूट, चढ फार नाही, गुडघेवाल्यांनाही हळूहळू जमेल. शिवाची देवळं शिवाची म्हणून बघा आणि सूर्यास्त पोटभर बघा.

तिसरा दिवस: सकाळी विरुपाक्ष मंदिर. तिथे एका लहानशा झरोक्यातून गोपुराची उलटी सावली आतल्या भिंतीवर पडते, नातवंडांना शाळेत शिकवतात तोच प्रकाशाचा नियम. मग विठ्ठल मंदिर आणि रथ, खांबांना हात न लावता. जेवण करून परत.

कमलमहाल, हत्तीखाना, राणीचं स्नानगृह, आनेगुंदी आणि धरण मी सोडून दिलंय. ती वाईट आहेत म्हणून नव्हे. सोडायला चांगलं काहीतरी हवं, नाहीतर त्याला त्याग कसं म्हणायचं?

खाण्याचंही ठरवा. पन्नास जणींचं दोघी-तिघींनी करायचं बंद. प्रत्येकीने स्वतःपुरता कोरडा खाऊ आणायचा, आणि मुक्कामाच्या ठिकाणी आधीच सांगून ठेवायचं: कंदमूळ नको, पाणी गाळून, जेवण पाचला. पन्नास माणसांचं गिऱ्हाईक असेल तर कुणीही ऐकतं, आपण विचारतच नाही. आणि जाण्याआधी मंडळात एक दुपार बसून हा इतिहास वाचा. चिवडा-चहाचं मी बघते.

येत्या बैठकीत मी हा कागद मांडणार आहे. तुमच्या मंडळात चौदा ठिकाणांचा कागद आला असेल, तर आधी भागाकार करा आणि एका ठिकाणाला किती मिनिटं आली ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. मग कुणी 'आलोच आहोत तर...' म्हणालं, की शांतपणे विचारा, 'आलोच आहोत, तर थोडं थांबूया का?'

जय जिनेंद्र.